गाडीची किल्ली देण्यापूर्वी

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील ज्येष्ठ वाचकांनी आपल्या आयुष्यात प्रवासाचे तीन काळ पाहिले आहेत. पहिला काळ पायवाटेचा आणि बैलबंडीचा. दुसरा, दिवसातून एखाद्या वेळी येणाऱ्या एस. टी. बसचा. तिसरा काळ सध्याचा, म्हणजे दारात उभ्या असलेल्या दुचाकीचा. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात तो भाग महिनोन्‌महिने जगापासून तुटलेला असे. आज त्याच परिसरातील तरुण दुचाकीवरून बाजार, शाळा आणि दवाखाना गाठतात.

या बदलाचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला असेल, तर तो आपल्यासारख्या वयोवृद्धांना आणि रुग्णांना. रक्तदाबाच्या गोळ्या आणणे, बँकेतून निवृत्तिवेतन काढणे, तालुक्याच्या रुग्णालयात तपासणीसाठी जाणे ही सारी कामे आता नातवाच्या किंवा नातीच्या गाडीवर अवलंबून आहेत. त्यांची दोन चाके म्हणजे आपले दोन पाय झाले आहेत. म्हणूनच तरुणांनी वाहन कसे चालवावे हा प्रश्न केवळ पोलिसांचा किंवा परिवहन कार्यालयाचा उरत नाही, तो घरातील वडीलधाऱ्यांचाही होतो.

या विषयावर बोलताना घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, ‘आजकालची मुले ऐकत नाहीत.’ त्यात काही तथ्य असेलही. परंतु अपघाताकडे नेणाऱ्या अनेक गोष्टींचा आरंभ रस्त्यावर होत नाही, घरात होतो. त्यांपैकी तीन गोष्टी तर बव्हंशी आपल्याच हाती असतात. पहिली गाडीची किल्ली, दुसरी ‘लवकर ये’ ही आपली घाई आणि तिसरी वाटेत केलेला दूरध्वनी. या लेखात प्रामुख्याने त्यांचा विचार करावयाचा आहे.

आकडे काय सांगतात

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश माणसे १८ ते ४५ या वयोगटातील होती. १८ वर्षांखालील ९ हजार ५२८ मुलेमुली या एका वर्षात रस्त्यावर प्राणास मुकली. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ४४ टक्के मृत्यू दुचाकीस्वारांचे होते. हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत १४ हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते.

शेवटचा आकडा आपण पुन्हा एकदा वाचावा, ही विनंती. मागे बसणाऱ्यांत आपणही असतो.

आपल्या जिल्ह्यांत या आकड्यांना आणखी एक बाजू आहे, ती अंतराची. डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णाला येथून बहुधा नागपूरला हलवावे लागते. चंद्रपूर ते नागपूर अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे, गडचिरोलीहून ते सुमारे १७० किलोमीटर भरते आणि सिरोंचाहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाते. अपघातानंतरचा पहिला तास उपचारांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा मानला जातो. येथे तो तास वाटेतच संपतो. मोठ्या शहरात जी इजा वेळेवरच्या उपचारांनी बरी होऊ शकते, ती वनभागात प्राणघातक ठरू शकते. म्हणून अपघात टाळणे हाच आपल्याकडील सर्वांत खात्रीचा उपचार आहे.

किल्ली कोणाच्या हाती?

कायदा येथे फार स्पष्ट आहे. गिअर असलेली दुचाकी, बाजारात मिळणारी नेहमीची स्कूटर किंवा मोटार चालवण्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी. अनेक पालकांचा समज असा असतो की, गिअर नसलेली कोणतीही स्कूटर सोळाव्या वर्षी चालते. हा समज चुकीचा आहे. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात आणि त्यांना अठरा वर्षांचीच अट लागू आहे.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९९-अ समाविष्ट झाले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या माहितीविना वाहन नेले गेले किंवा ते रोखण्यासाठी आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर किंवा मालकावर असते.

आता आपल्या घरातील गाडीचे नोंदणीपत्र काढून पाहावे. शेतकरी कुटुंबांत ते पुष्कळदा आजोबांच्या नावावर असते. तसे असेल, तर नातवाच्या हाती दिलेल्या किल्लीचे उत्तरदायित्व आजोबांवर येऊ शकते. परवाना नसलेल्या चालकामुळे अपघात झाल्यास विमा कंपनी नुकसानभरपाईची रक्कम वाहनमालकाकडून वसूल करण्याची मागणी करू शकते. एका दुपारच्या सोयीपायी शेतजमीन गहाण टाकण्याची पाळी येऊ शकते, हे घरातील सर्वांना माहीत असलेले बरे.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्या प्रकरणात पुढे मुलाचे वडील आणि आजोबा यांनाही अटक झाली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु दोन घरांतील तरुण मुले गेली आणि तिसऱ्या घरातील तीन पिढ्या न्यायालयाच्या दारात उभ्या राहिल्या, एवढे सत्य सर्वांसमोर आहे. हा प्रसंग श्रीमंत शहराचा म्हणून दूर सारू नये. मोटारीऐवजी जुनी दुचाकी असली, तरी किल्ली देणारा हात घरचाच असतो.

ज्यांच्या घरी सोळा-सतरा वर्षांचे मूल आहे, त्यांनी एक साधा उपाय करावा. किल्ली भिंतीवरच्या खुंटीला न ठेवता एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी. मुलाशी मात्र आडपडदा न ठेवता बोलावे. ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असे म्हणू नये. ‘अठरा पूर्ण झाल्यावर तुला मी स्वतः परवाना काढायला घेऊन जाईन’ असे वचन द्यावे आणि ते पाळावे. तोपर्यंत सायकल आहे, बस आहे आणि आपले पायही आहेत.

आपली घाई, त्याचा वेग

‘गोळ्या संपल्या रे, पटकन घेऊन ये. दुकान बंद होईल.’ असे वाक्य आपण किती सहजपणे बोलतो! त्यातील ‘पटकन’ हा शब्द मुलाच्या मनगटातून गाडीच्या ॲक्सिलरेटरमध्ये उतरतो. आजीची गोळी चुकू नये, या प्रेमापोटीच तो वेग वाढवतो. हेल्मेट शोधण्यात वेळ जाईल म्हणून ते घरीच राहते.

यावर उपाय मुलाजवळ नाही, तो आपल्याजवळ आहे. नियमित औषधे संपण्याच्या किमान आठ दिवस आधी आणून ठेवावीत. कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करावी. रुग्णालयाच्या तपासणीसाठी निघताना अर्धा तास राखून निघावे. मूल बाहेर पडताना ‘लवकर ये’ ऐवजी ‘सावकाश ये, उशीर झाला तरी चालेल’ असे म्हणावे. हे शब्द रोज कानावर पडले की, उशिरा पोहोचणे हा अपराध नाही हे मुलाच्या मनात ठसते.

वेग वाढला की नेमके काय होते, हेही समजून घ्यावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून हात-पाय ब्रेककडे जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या डांबरी रस्त्यावर आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ३७ मीटर झाले. वेग ताशी ४० असेल, तर हेच अंतर सुमारे २० मीटर असते. वेग ताशी ८० असेल, तर ते ५७ मीटरच्या घरात जाते. रस्ता ओला असेल किंवा ब्रेक झिजलेले असतील, तर ते याहूनही वाढते. हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट केला की थांबण्याचे अंतर दुपटीहून बरेच अधिक होते.

वाटेतला दूरध्वनी

नातू बाहेर गेला की जीव टांगणीला लागतो. अर्ध्या तासाने आपण दूरध्वनी करतो. ‘कुठे पोहोचलास?’ तो गाडीवर असतो. खिशात भ्रमणध्वनी वाजू लागतो. घरून फोन आहे, आजोबांची प्रकृती बिघडली असेल का, या शंकेने तो एका हाताने फोन काढतो किंवा हेल्मेट आणि कान यांच्यामध्ये तो खुपसतो. ज्या काळजीपोटी आपण फोन केला, तीच काळजी त्याच्या जिवाला घोर लावणारी ठरते.

यासाठी घरात एक नियम करावा. गाडीवर असताना फोन घ्यावयाचा नाही आणि घरच्यांनी तो करावयाचाही नाही. पोहोचल्यावर त्याने कळवावे. खरोखरच तातडी असेल, तर सलग दोनदा फोन वाजवावा. तशी खूण मिळाल्यावर मुलाने रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून मगच बोलावे. आपल्या जिल्ह्यांत अनेक वनरस्त्यांवर भ्रमणध्वनीला रेंजच नसते. त्यामुळे फोन लागला नाही म्हणून लगेच घाबरू नये. त्याऐवजी निघतानाच मार्ग, सोबती आणि परतण्याची अंदाजे वेळ विचारून ठेवावी. जंगलात जाताना पूर्वी आपणही घरी असेच सांगून निघत होतो.

जंगलाचे ज्ञान मुलांना द्यावे

येथे वडीलधाऱ्यांजवळ एक ठेवा आहे. आजच्या तरुणाला गाडी कळते, तेवढे जंगल कळतेच असे नाही. आपल्याला जंगलाचे ऋतू, वेळा आणि खुणा ठाऊक आहेत. ते ज्ञान त्याला देणे हेही त्याच्या वाहनशिक्षणाचाच भाग आहे.

दिवस मावळताना आणि पहाटे वन्यप्राण्यांची हालचाल वाढते. चितळांपैकी एक रस्ता ओलांडून गेले की मागे कळप असतो. एक गेले म्हणून गाडी पुढे काढणारा दुसऱ्यावर आदळतो. रोही आणि रानडुक्कर शेताच्या बाजूने अचानक रस्त्यावर येतात. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या रस्त्यांवर, चंद्रपूर-मूल मार्गावर किंवा आलापल्लीच्या वनपट्ट्यात रात्री डिपरचा उजेड साधारण ३० ते ४० मीटरपर्यंतच उपयोगी पडतो. वर केलेला थांबण्याचा हिशेब आठवावा. ताशी ६० च्या वेगाने जाणाऱ्याला उजेडात प्राणी दिसेल, तेव्हा थांबण्यास जेमतेम जागा उरलेली असेल. म्हणून अंधाऱ्या वनरस्त्यावर ताशी ४० च्या पुढे जाऊ नये आणि शक्य असेल, तर दुचाकीचा प्रवास दिवसाउजेडीच आटोपावा. वाघ किंवा अस्वल दिसले, तर दुरूनच थांबावे. छायाचित्रासाठी पुढे जाऊ नये. एखाद्या चारचाकीची वाट पाहून तिच्या सोबतीने निघावे.

ऋतूंचेही तसेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी स्त्रिया आणि मुले पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन रस्त्याकडेच्या झाडांखाली असतात. मे महिन्यात तेंदूपानांची लगबग असते. दिवाळीनंतर धान कापणी-मळणीचे दिवस येतात आणि रस्त्याच्या कडेला धान पसरलेले असते. त्यावरून दुचाकीचे चाक सहज घसरते. संध्याकाळी गुरे परततात. मागे लाल दिवा नसलेली बंडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली रात्री अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आपल्या घरच्या बंडीला आणि ट्रॉलीला मागे चमकणारी लाल पट्टी लावली, तर दुसऱ्या कोणाचा तरी नातू वाचेल.

पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्या पुलावरून वाहू लागतात. पाणी गुडघ्याएवढे दिसले, तरी त्याचा जोर गाडीसह माणसाला ओढून नेतो. शिवाय पुलाची कडा दिसत नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबणे, हा एकच नियम येथे आहे. ‘मी पलीकडेच मुक्काम करतो’ असे मुलाने कळवले, तर त्याला रागावू नये. त्याची पाठ थोपटावी.

आपल्या जिल्ह्यांत आणखी एक धोका वाढला आहे, तो अवजड वाहनांचा. घुग्घुस, राजुरा आणि बल्लारपूर भागातील कोळसा, कोरपना-गडचांदूर भागातील सिमेंट आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिज यांची वाहतूक करणारे ट्रक दिवसरात्र धावतात. ट्रकचालकाला त्याच्या अगदी पुढची, अगदी मागची आणि डाव्या बाजूची जागा नीट दिसत नाही. आपल्याला ट्रकचा आरसा दिसत नसेल, तर ट्रकचालकाला आपण दिसत नाही, हे मुलांना पाठ करून द्यावे. ट्रकच्या डावीकडून पुढे जाऊ नये. धुळीचा लोट उठला असेल, तर समोरचे स्पष्ट दिसेपर्यंत मागेच राहावे.

जबाबदारी केवळ स्वतःला वाचवण्याची नसते. ७ ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ व्यायामासाठी निघालेल्या सहा मुलांना ट्रकने धडक दिली. चार मुले दगावली आणि दोघा जखमींना हेलिकॉप्टरने नागपूरला हलवावे लागले. पोलीस भरतीच्या तयारीसाठी आपल्या गावोगावची मुले-मुली अंधारात रस्त्यावर धावतात. त्यांनी शाळेचे मैदान किंवा गावातील आतला रस्ता निवडावा. रस्त्यावरूनच जावे लागले, तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने, पांढरे कपडे घालून जावे. आणि ज्यांच्या हाती वाहन आहे, त्यांनी पहाटेच्या रस्त्यावर कोणाचे तरी मूल धावत असेल, हे गृहीत धरूनच गाडी चालवावी.

जागरण आणि दारू

दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम असतो. रात्रभर नाटक पाहून पहाटे परतण्याची परंपरा आपणही जगलो आहोत. तेव्हा आपण बंडीत झोपून येत होतो आणि बैलांना घरची वाट ठाऊक होती. दुचाकीला ती ठाऊक नसते. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतका मंद होतो, असे संशोधनात आढळले आहे. आपल्या कायद्यातील मद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेतलेला, परंतु सकाळपासून जागा असलेला मुलगा पहाटे चारला मद्यपी चालकाइतकाच धोकादायक ठरू शकतो. नाटकाला जाऊ नको, असे सांगण्याची गरज नाही. त्या गावच्या पाहुण्यांकडे झोपून सकाळी ये, एवढेच सांगावे आणि पाहुण्यांना आपणच तसा निरोप द्यावा.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. बंदी असो वा नसो, पिऊन गाडीवर बसलेल्याच्या रक्तातील मद्य कागदावरच्या नियमाने उतरत नाही. मद्यपान करून वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु शिक्षेच्या भीतीपेक्षा घरातील एक आश्वासन अधिक काम करते. ‘कधी चूक झालीच, तर गाडी तेथेच सोड आणि आम्हाला कळव. त्या रात्री कोणी रागावणार नाही.’ रागावण्याचे काम दुसऱ्या दिवशीही करता येते.

पायरी-पायरीने शिकवणे

तरुणांच्या बेफिकिरीमागे शरीरशास्त्रही आहे. परिणामांचा विचार करून आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत परिपक्व होत असतो. मित्र सोबत असले की धोका पत्करण्याची ओढ वाढते. म्हणून एकटा असताना शहाणपणाने वागणारा मुलगा ट्रिपल सीट असताना वेगळाच होतो.

हे ओळखून न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. नव्या चालकाला आरंभी रात्री उशिरा गाडी चालवण्यावर आणि सोबत मित्र नेण्यावर मर्यादा असतात. पुढे इतर देशांनीही ही पद्धत स्वीकारली आणि तरुणांचे अपघात कमी झाल्याचे दिसून आले. आपल्याकडे असा टप्प्यांचा कायदा नाही. पण घरात तो करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परवाना मिळाल्यावर पहिले तीन महिने फक्त दिवसा, एकट्याने आणि ओळखीच्या रस्त्यावर. पुढचे तीन महिने घरातील एक मोठी व्यक्ती मागे बसवून, महामार्गासह. त्यानंतर मित्र आणि संध्याकाळचा प्रवास. पाऊस आणि रात्र सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरी चढल्यावर त्याचे कौतुक करावे. बंधनाचा शेवट केव्हा होणार हे ठाऊक असले की, मुले ते बंधन अधिक समजूतदारपणे पाळतात.

आपण मागे बसतो तेव्हा

मुले आपले ऐकतात त्याहून अधिक आपल्याकडे पाहतात. आजोबा हेल्मेटशिवाय मागे बसत असतील, तर हेल्मेटवरील त्यांच्या उपदेशाला काय किंमत? कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असा अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणाचा निष्कर्ष आहे. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट लावलेला असावा. चार वर्षांखालील नातवंडांना दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, तसेच वेग ताशी ४० पेक्षा अधिक नसावा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

मागे बसताना दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे अधिक स्थिर असते. गुडघेदुखीमुळे किंवा लुगड्यामुळे ते शक्य नसेल, तर पाय ठेवण्याची पट्टी आणि धरण्याची दांडी भक्कम आहे ना, हे पाहावे. चाकावर साडीगार्ड असावे. पदर, ओढणी किंवा शाल खोचून घ्यावी. चाकात अडकलेले वस्त्र क्षणात माणसाला खाली खेचते. चक्कर, अशक्तपणा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर दुचाकीचा मोह टाळून बस किंवा चारचाकीने जावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. गाडीवरून पडून डोके आपटले आणि वरून काही दिसले नाही, तरी आत हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी ‘काही झाले नाही’ म्हणून घरी न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि गोळ्यांची नावे सांगावीत.

नातू वेगाने चालवत असेल, तर मागून ओरडू नये. त्याने लक्ष विचलित होते. खांद्यावर हलकेच हात ठेवून ‘थांब जरा’ म्हणावे आणि थांबल्यावर शांतपणे सांगावे, ‘मला भीती वाटते.’ हे तीन शब्द लांबलचक व्याख्यानापेक्षा अधिक परिणाम करतात.

अपघात झालाच तर

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ क्रमांकावर पोलिसांचे साहाय्य मिळते. ठिकाण सांगताना जवळचे गाव, किलोमीटरचा दगड किंवा पुलाचे नाव सांगावे. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. मान आणि पाठ हलवू नये. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट ओढून काढू नये. जागा धोक्याची नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीला उचलू नये.

मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही जुनी भीती आता सोडून द्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने जखमीला सद्‌भावाने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. पैसे जमवण्यात वेळ न घालवता रुग्णाला आधी रुग्णालयात न्यावे.

आजपासून करण्यासारखे

वाचकहो, सारे एकदम करण्याची गरज नाही. आज रात्री जेवणानंतर घरातील सर्वांना घेऊन दहा मिनिटे बसावे. गाडीची किल्ली कोणाजवळ राहील, हे ठरवावे. हेल्मेट किती आहेत ते मोजावे. कमी असल्यास पुढच्या बाजाराच्या दिवशी ते आणावे आणि पहिले स्वतःसाठी घ्यावे. गाडीवर असताना फोन करावयाचा नाही, हा शब्द मुलांकडून घेण्यापूर्वी आपण त्यांना द्यावा. संपत आलेल्या औषधांची यादी करून ती दिवसाउजेडी मागवावीत.

तरुणांना वेगाचे आकर्षण असणारच. त्यांना आपले प्रेमही हवे असते. घरी वाट पाहणारे माणूस आहे आणि त्याला घाई नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक असले, तर हात ब्रेककडे अधिक लवकर जातो.